आधी तिला विचारा

“सरोजताई, थांबा. अहो, जरा थांबा!”

खासनीस मॅडमनी टेबलावर पेन आपटलं तेव्हा मी कौस्तुभला पहाटे उठून बदाम खायला सांगत होते. वर्गात सराव चालला होता. कौस्तुभ झाला होता दहावीतला विद्यार्थी, मी शाळेतली समुपदेशक. तो म्हणाला, ‘मला गणिताची भीती वाटते.’ झालं, मी सुटले. क्लास बदल, पाढे भिंतीवर लाव, त्या टारगट मित्राची संगत सोड, रात्री लवकर झोप.

“त्यानं एक वाक्य सांगितलं,” मॅडम म्हणाल्या. “पुढचं सगळं तुम्हीच बोलताय. त्याला भीती नेमकी कशाची वाटते, विचारलंत?”

“गणिताची. तो म्हणालाच की!”

वर्ग हसला. कौस्तुभ कानामागं खाजवत म्हणाला, “काकू, मी म्हणणार होतो की गणिताचे सर मारतात.”

मला काकूच म्हणायची ती सगळी पोरं. का नाही म्हणणार? त्यांची वयं बावीस-तेवीस, माझी चाळिशी उलटलेली. घरी इचलकरंजीत माझा थोरला त्यांच्याच वयाचा. शालेय समुपदेशनाच्या एम. ए.ला मी रोज एसटीनं कोल्हापूरला जायची. लग्नानंतर मानसशास्त्रात बी. ए. केलं होतं, आणि डोक्यात एकच खूळ होतं: शाळेत बसायचं, पोरींशी बोलायचं. बोलण्यात तर माझा हात कोण धरणार? आमच्या पेठेत कुणाचं लग्न जुळवायचं असू दे, जावाजावांचं भांडण मिटवायचं असू दे, सरोजवैनीला बोलवा. आणि एखादी बातमी गावभर करायची असेल तरीही सरोजवैनीलाच सांगा. आमचे हे म्हणायचे, “हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ही निघालीय पोरांची गुपितं ऐकायला!”

ह्यांचं कापडाचं दुकान. दुपारी गल्ल्यावर मी बसायची. कॉलेज सुरू झालं तशी नणंद येऊन बसायला लागली, तीही तोंड वाकडं करून. ठरलं होतं ते असं: दोन वर्षं. त्यात निभावलं तर ठीक, तिसरं वर्ष मागायचं नाही. मी मान डोलावली होती.

त्या दिवशी तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. खासनीस मॅडम म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी आणि त्याहून कडक जीभ.

“पुढच्या वर्षी शाळेत प्रात्यक्षिक आहे. तुमचं एक सत्र मी स्वतः बसून बघणार. त्या सत्राचे गुण गेले तर वर्ष गेलं. तिथं असे बदाम वाटलेत तर मी पास करणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.”

“नाही वाटणार,” मी म्हटलं.

“तुम्हाला जमेल असं मला वाटत नाही.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मॅडम, मला जमत नाही असं कुणी म्हटलं ना, की मला ते जमतंच.”

प्रात्यक्षिकासाठी मला गावातलीच मुलींची शाळा मिळाली. तिथल्या मुख्याध्यापिका घोरपडे बाई. पोरी त्यांना मोठ्या बाई म्हणायच्या. त्यांनी मला प्रयोगशाळेच्या मागची अडगळीची खोली दिली. बरण्यांत ठेवलेले विंचू, तुटका सूक्ष्मदर्शक, भिंतीवर पचनसंस्थेचा तक्ता आणि दाराला काच. त्या काचेला नाक लावून पोरी बघायच्या, आज कोण येडी आत बसलीय म्हणून. पहिल्याच आठवड्यात मी काचेवर खाकी कागद चिकटवला.

तिथं माझ्याकडं आली शिवलीला. हे तिचं खरं नाव नव्हे बरं का. खरं मी सांगणार नाही. नववीतली, काटकुळी, आणि खो-खोत सबंध जिल्ह्यात तिच्या तोडीची पोरगी नाही असं सगळे म्हणत. जिल्ह्याचे सामने तोंडावर आलेले आणि एके दिवशी तिनं खेळाच्या लोहार सरांना सांगून टाकलं, मी खेळणार नाही. का? काही नाही, असंच. सरांनी ओरडून पाहिलं, गोंजारून पाहिलं. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. आईनं डोक्यावर हात ठेवून शपथा घातल्या. पोरगी मूग गिळून बसलेली. मग सगळ्यांना आठवण झाली, अरे, आपल्याकडं ती समुपदेशनवाली बाई आलीय की!

“दोन गोष्टी समजावून सांगा तिला,” लोहार सर म्हणाले. “आठवड्यात मैदानावर दिसली पाहिजे.”

“मी समजावणार नाही सर. ऐकणार आहे.”

“ऐकायला ती बोलतीय कुठं?” ते म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं.

पहिल्या भेटीत मी तिला नियम सांगितला. इथं जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. कुणी तुला इजा करत असेल, नको तसा हात लावत असेल, किंवा तुझ्या जीवाला धोका असेल, तर मात्र मला सांगावं लागेल. पण आधी तुला सांगेन आणि मगच.

तिनं विंचवाच्या बरणीकडं बघितलं. मग विचारलं, “लोहार सरांना?”

“नाही सांगणार.”

“मोठ्या बाईंना?”

“नाही.”

“आईला?”

“आईलाही नाही.”

“शप्पत?”

“शप्पत.”

एवढंच बोलणं. उरलेला वेळ ती गप्प आणि मीही गप्प. माझ्या जिवाला ते किती जड गेलं, काय सांगू! पोरगी समोर बसलीय, तोंड सुकलंय, आणि आपण ‘अगं, खेळ सोडू नये, चार दिवसांनी पस्तावशील’ एवढंही म्हणायचं नाही? जीभ दाताखाली धरून बसले. दुसऱ्या भेटीतही तेच झालं. पण नंतर शाळेच्या फाटकात ती माझ्यामागं पळत आली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, “बाई, मंगळवारी बोलते.”

मला असा आनंद झाला की दुकानात गेल्यावर मी गिऱ्हाइकाला पातळ दाखवायचं तर चादर दाखवली. आणि मग आठवलं. मंगळवारी तर खासनीस मॅडम येणार होत्या.

मी कौस्तुभला फोन केला. तो म्हणाला, “काकू, घाबरता काय? ती बोलली तर सोन्याहून पिवळं. नाही बोलली तरी तिचंच वाक्य उलटून तिला विचारायचं, मधे मधे मान हलवायची, शेवटी सारांश सांगायचा. मॅडम खूश. मी असंच केलं.”

मंगळवारी मॅडम आल्या. मोठ्या बाईंनी पोहे, चहा सगळं केलं. परवानगीच्या कागदावर मोठ्या बाईंची सही होती, आईची सही होती, कॉलेजचा शिक्का होता. मॅडमनी सगळं नीट तपासलं, खोलीत आल्या आणि पचनसंस्थेच्या तक्त्याखाली खुर्ची टाकून मांडीवर वही घेऊन बसल्या.

शिवलीला दारात आली. तिनं मॅडमना बघितलं आणि आत टाकलेलं पाऊल मागं घेतलं. मग माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आठवते. फसवलंत ना, असं काही नव्हतं तिच्यात. असंच होणार हे ठाऊक होतं, असं होतं. मुकाट्यानं आली आणि खुर्चीच्या कडेला टेकली.

“कशी आहेस?”

“बरी.”

“घरी सगळे?”

“बरे.”

कोपऱ्यात पेन चाललं. माझ्या लक्षात आलं, हे निभावता येईल. कौस्तुभ म्हणाला तसं. ‘बरी आहेस म्हणतेस, पण चेहरा उतरलेला दिसतोय’, असं म्हणायचं, मान हलवायची, शेवटी सारांश. गुण मिळतील, दोन वर्षांत सुटेन, नणंद गल्ल्यावरून उठेल. पोरगी काय, पुन्हा पुढच्या मंगळवारी येईल.

पण येणार नव्हती ती. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माणूस एकदा बोलायला येतं. तोंडावर दार लागलं की पुन्हा त्या वाटेला जात नाही.

आणि ते सह्यांचे कागद माझ्या डोळ्यांसमोर आले. मोठ्या बाईंना विचारलं, आईला विचारलं, कॉलेजला विचारलं. अगं बाई, मी मनात म्हटलं, जी बोलणार तिला विचारलंच नाही की कुणी! मीही नाही.

“शिवलीला, या माझ्या मॅडम,” मी म्हटलं. “मी कसं काम करते ते बघायला आल्यात. त्या इथं बसल्या तर तुला चालेल का?”

पेन थांबलं. शिवलीलानं मान वर केली. इतका वेळ ती जमिनीकडं बघत होती.

“न्हाई,” ती म्हणाली. अगदी हळू, पण दोघींनाही ऐकू गेलं.

विचारलं नसतं तर गोष्ट वेगळी. पण आता विचारून बसले होते. तिचं उत्तर पाळायचं नसेल तर विचारलं कशाला? मी उठून उभी राहिले.

“मॅडम, तुम्ही बाहेर बसा.”

“सरोजताई, हे तुमचं मूल्यमापन आहे.”

“माहीत आहे.”

“परवानगी घेतलेली आहे.”

“हिची नाही घेतली.”

मॅडमनी वही मिटली. “मी बाहेर गेले तर मला गुण देता येणार नाहीत. न बघितलेल्याचे गुण कसे देऊ? तुमचं वर्ष जाईल.”

ह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, नणंदेचा आला. पण शिवलीला आळीपाळीनं आमच्या दोघींकडं बघत होती.

“जाऊ दे वर्ष,” मी म्हटलं.

मॅडम उठल्या. वही काखेत मारली आणि निघाल्या. दार मात्र त्यांनी बाहेरून नीट ओढून घेतलं.

आणि मग शिवलीला बोलली. मधली सुट्टी होऊन गेली, पुढच्या तासाची घंटा झाली, तरी बोलत होती. काय बोलली ते मी तुम्हालाही सांगणार नाही. चिडायचं तर चिडा. एवढंच सांगते, की ज्या गोष्टी मला बाहेर सांगाव्या लागल्या असत्या त्यांतलं ते काही नव्हतं. कुणी तिला इजा केलेली नव्हती, तिच्या जीवाचं काही नव्हतं. पण चौदा वर्षांच्या पोरीला एकटीनं वागवायला ते फार होतं.

बोलताना किती वेळा माझ्या ओठांवर सल्ला आला आणि मी तो गिळला! शेवटी तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि विचारलं, “आता मी काय करू, बाई?”

घ्या! दीड वर्ष ज्यासाठी मॅडमनी माझी जीभ बांधली, तेच पोरीनं समोर वाढून ठेवलं. माझ्याकडं उत्तर तयार होतं. चांगलं होतं की!

“तुला काय वाटतं?” मी म्हटलं.

तिनं विचार केला. मग काय करणार ते सांगितलं. आणि शपथेवर सांगते, ते माझ्या उत्तराहून पुष्कळ शहाणपणाचं होतं. माझं ऐकलं असतं तर पोरीनं सगळंच विस्कटून ठेवलं असतं.

“बाहेरच्या माझ्या मॅडमना सांगू का यातलं?” मी जाता जाता विचारलं. “त्या मला शिकवतात.”

“नको.”

“बरं. नाही सांगत.”

व्हरांड्यात सगळे जमले होते. मोठ्या बाई, लोहार सर, बाकावर खासनीस मॅडम, आणि कुणी बोलावली देव जाणे, शिवलीलाची आईही. पोरगी मान खाली घालून वर्गात निघून गेली आणि सगळे माझ्याकडं वळले.

“काय म्हणाली?”

“तिला कुणी त्रास दिलेला नाही. काळजीचं तसं काही नाही. बाकीचं तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.”

“म्हणजे? खेळणार की नाही?” लोहार सर.

“तिला विचारा सर.”

“तिला विचारून थकलो म्हणून तर तुमच्याकडं पाठवली!”

मोठ्या बाईंचा आवाज चढला. “सरोजबाई, खोली शाळेची, मुलगी शाळेची, आणि शाळेलाच सांगायचं नाही?”

“खोली काढून घ्या बाई, मी झाडाखाली बसेन. पण हे सांगणार नाही.”

या दोघांचं काही वाटलं नाही. पण तिच्या आईनं माझा हात धरला. मागावर काम करणारी बाई, हाताला सुताचा वास. “ताई, मी आई हाय तिची,” एवढंच म्हणाली, आणि माझे डोळे भरून आले. मलाही दोन लेकरं आहेत. माझ्या लेकराच्या मनातलं एका परक्या बाईला माहीत आणि ती मला सांगत नाही, तर मी तिचा गळा धरला असता.

“तुम्ही आई आहात म्हणूनच सांगत नाही,” मी म्हटलं. “माझ्याकडून कळलं तर ती पुन्हा कुणाशीच बोलायची नाही. तुमच्याशी तर नाहीच. तिला वेळ द्या. उलटतपासणी करू नका, नुसत्या जवळ बसा.”

तिनं हात सोडला. रागावली की तिला पटलं, तेव्हा मला समजलं नाही.

मॅडमना सोडायला मी एसटी स्टँडपर्यंत गेले. वाटेत त्या म्हणाल्या, “मला सांगायला हरकत नाही. मी तुमची मार्गदर्शक आहे. ते नियमात बसतं.”

“बसतं. पण मी तिला विचारलं, तुम्हाला सांगू का. नको म्हणाली.”

“प्रत्येक गोष्ट विचारणार का त्या पोरीला?”

“हो मॅडम.”

बस लागली. मॅडम पायरीवर चढल्या आणि वळल्या. “मला शून्य द्यावं लागेल.”

“द्या.”

“रडला नाहीत अजून.”

“घरी जाऊन रडणार आहे,” मी म्हटलं, आणि खरंच घरी जाऊन पोटभर रडले.

आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “नापास? बोलबोल बोलली असशील.”

“नाही. न बोलता झाले.”

मग सगळं सांगितलं. म्हणजे सांगण्यासारखं सगळं. ह्यांचा राग तिसऱ्या वर्षाबद्दल होता, पण दोन दिवसांत राग राहिला बाजूला आणि उत्सुकता वर आली. जेवताना, झोपताना, दुकानात थान मोजताना एकच. “पण काय होतं गं त्या पोरीचं? मला तरी सांग. मी कुणाला सांगतोय?” मी आमटी वाढत राहिले. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी त्यांनी हात टेकले. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले, जणू घरात कुणी नवीन बाई येऊन बसलीय.

“कर अजून एक वर्ष,” ते म्हणाले. “गल्ल्यावर बसायला ताईला मी सांगतो.”

त्या वर्षी शिवलीला सामन्यांना गेली नाही. संघ पहिल्याच फेरीत हरून आला आणि लोहार सरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मोठ्या बाईंनी खोली काढून घेतली नाही, पण चहाही विचारेनाशा झाल्या. मी शाळेचं वर्ष संपेपर्यंत दर मंगळवारी त्या बरण्यांमध्ये जाऊन बसले. नवीन वर्ष लागलं, पुन्हा तीच शाळा मागून घेतली. माझ्याबरोबरची पोरं पदव्या घेऊन कामाला लागली होती. नवीन वर्गातली पोरं मला काकू सोडून आता आजी म्हणायची. म्हणू देत. मी ठरवलं होतं, इथून जाईन ती पास होऊनच, आणि पुन्हा वर्ष गेलं तर पुन्हा बसेन.

मॅडम पुन्हा आल्या. या वेळी ज्या मुलीचं सत्र होतं तिला मी आधीच विचारून ठेवलं होतं, तिनं हो म्हटलं होतं. ती अजून यायची होती. मॅडम खुर्ची ओढून बसणार, एवढ्यात दार न वाजवताच कुणीतरी उघडलं.

शिवलीला होती. दहावीत गेलेली, वीतभर उंच झालेली. गेले कित्येक महिने ती माझ्याकडं आली नव्हती. व्हरांड्यात भेटली तर नुसती हसायची. तिनं एका लहानखुऱ्या पोरीचं मनगट धरलं होतं. पोरगी आठवीतली, रडून रडून डोळे सुजलेले. तिला आपण आसमा म्हणू.

“हितं बोल,” शिवलीला तिला म्हणाली. “ह्या बाई कुणाला सांगत न्हाईत. माझं वरीस झालं, अजून कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या आईला पण मीच सांगितलं, माझं मी.”

तेव्हा मला कळलं की तिनं आईला सांगितलं. एवढं बरं वाटलं, की मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

आसमानं खोलीत नजर फिरवली आणि ती मॅडमवर थांबली. मी तोंड उघडणार, तोच मॅडम खुर्ची सोडून पुढं झाल्या. ती कडक इस्त्रीची साडी सांभाळत पोरीसमोर गुडघ्यांवर बसल्या.

“बाळ, मी सरोजबाईंची शिक्षिका आहे. मी इथं बसू, की बाहेर जाऊ? तू सांगशील तसं.”

आसमानं शिवलीलाकडं बघितलं. शिवलीलानं तिचं मनगट सोडलं.

“बाहेर,” आसमा म्हणाली.

“बरं,” मॅडम म्हणाल्या आणि वही उचलून दाराकडं गेल्या. मी मनात म्हटलं, गेलं हेही वर्ष. म्हणजे मी तयार होते. मॅडम दारात थांबल्या.

“सरोजताई, मला बघायचं होतं ते बघून झालं. पासाचे गुण मांडून, सही करूनच एसटीत बसते.”

शिवलीला वर्गात पळाली. मॅडमनी दार ओढून घेतलं. आसमा खुर्चीत बसली, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते तिचे.

“बाई, कुठनं सुरू करू?”

“तुला वाटेल तिथून,” मी म्हटलं आणि गप्प बसले.